प्रतिसाद: बीएमआय ठीक असला तरी
वजन आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) मर्यादेत असतील तर मेटाबॉलिक सिंड्रोमची, म्हणजे पोटाची चरबी, रक्तदाब, रक्तातील साखर आणि मेद यांतले बिघाड एकत्र येण्याची, काळजी करण्याचे कारण नाही, या चर्चेत मांडल्या गेलेल्या मताशी मी सहमत नाही. बैठे काम, अपुरी झोप आणि तंबाखू हे येथे मांडले गेलेले धोके खरेच आहेत. परंतु भारतीयांच्या बाबतीत चरबी किती आहे आणि कोठे साठली आहे हे बीएमआयवरून कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती.

हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी भरले. स्नायू कमी होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळाची वाढ गर्भातच आईच्या पोषणावर अवलंबून असते; त्यामुळे आईचे पोषण हाही या चर्चेतला मुद्दा आहे, आणि तो येथे अजून आलेला नाही. पोटाच्या चरबीचा अंदाज कंबरेच्या घेरावरून येतो; दक्षिण आशियाई पुरुषांसाठी या घेराची मर्यादा ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते. मात्र पँटच्या नंबरावरून अंदाज न बांधता शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेपने मोजावे.