आईला नागीण झालीये, पाळी गेल्यावर इम्युनिटी कमी होते का?

ठाणेकरीण: आई ५८ची आहे, कमरेला नागीण उठलीये, गोळ्या चालू आहेत पण नुसती आग आग होतेय तिला. त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, तेव्हापासून जाम घाबरलीये. हे पाळी गेल्यामुळे झालं असेल का?

रानवारा: वेढ्याचं अजिबात मनावर घेऊ नका ताई, नागीण बहुतेक एकाच बाजूला, एका नसेच्या पट्ट्यात येते. लहानपणीच्या कांजिण्यांचा व्हायरस नसांमध्ये झोपून असतो, त्याला दाबून ठेवणाऱ्या टी-सेल्स (इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशी) वयाने थकतात आणि नव्या फारशा येत नाहीत, कारण त्या जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी वयात आल्यापासूनच आटत जाते, त्यात सेक्स हॉर्मोन्सचाही हात असतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन कमी झाल्यानेही इम्युनिटीत फरक पडतो, पण नागीण पुरुषांनाही होतेच, म्हणजे मुख्य कारण वय.

मेथीदाणा: शुगर तपासून घ्या, आणि स्टिरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. पुरळ गेल्यावरही दुखत राहिलं तर आईंना सहन करत बसू देऊ नका, त्याच्या वेगळ्या गोळ्या असतात. बऱ्या झाल्या की नागिणीच्या शिंग्रिक्स लसीचं विचारा, पन्नाशीनंतर देतात, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने २ डोस, महाग आहे पण घ्याच.