अध्यक्षाची खुर्ची बाधते म्हणे

सेक्रेटरी: रविवारी एजीएम आहे. अध्यक्षपदासाठी अजून एकही अर्ज आलेला नाही 🙏

जोशी काका: येणार कुठून? खुर्ची बाधते ती. आधीच्या अध्यक्षांची बायपास झाली, त्यांच्या आधीच्यांचा पाय मोडला. अमेरिकेतही तेच. १८४० पासून दर वीस वर्षांनी निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष पदावर असतानाच गेला. हॅरिसन, लिंकन, गारफिल्ड, मॅकिन्ली, हार्डिंग, रूझवेल्ट, केनेडी. टेकम्से या मूळ अमेरिकन टोळीप्रमुखाचा शाप म्हणतात त्याला!

अमृता बी विंग: काका, फिशर टेस्ट (एखादी गोष्ट निव्वळ योगायोगानं घडण्याची शक्यता मोजायची संख्याशास्त्रातली चाचणी) शिकवताना मी हेच उदाहरण घेते. हॅरिसन ते केनेडी माणसं २६. पदावर असताना गेलेले ८. तुमचे सातही त्या आठांत. २६ चिठ्ठ्यांतून ७ उचलल्या तर सातही त्या आठांतल्याच निघण्याची शक्यता साधारण ८२ हजारांत एक.

जोशी काका: घ्या! गणितानंच सिद्ध झालं 😄

अमृता बी विंग: पण हा नियम आकडे बघून बनवलाय. पेपर फुटल्यावर पैकीच्या पैकी मिळाले तर कौतुक कसलं? १८०० चे जेफर्सन, १८२० चे मन्रो धडधाकट घरी गेले, म्हणून यादी १८४० पासून. केनेडींनंतरचे बघा: १९८० रेगन, २००० बुश, २०२० बायडन. एकही पदावर गेला नाही.

जोशी काका: रेगनना गोळी लागली होती!

अमृता बी विंग: हल्लेही धरायचे का आता? मग राष्ट्राध्यक्ष फोर्डवर १९७५ मध्ये सतरा दिवसांत दोनदा झाला. ते तर त्या पदावर कधी निवडूनच आले नव्हते, मग शाप कुठला?

सुधा मावशी: ते नोएडाला गेलेला उत्तर प्रदेशचा मुख्यमंत्री पडतो, ते तरी खरं ना?

अमृता बी विंग: मावशी, अखिलेश मुख्यमंत्री असताना नोएडाला जायचं टाळत राहिले, तरी २०१७ ला पडले. योगी त्याच वर्षी डिसेंबरात मेट्रोच्या उद्घाटनाला गेले आणि २०२२ ला परत आले. न गेलेल्यांचं काय झालं, हे कुणी मोजतच नाही. आपल्याकडेही तेच. अध्यक्ष न होता बायपास झालेले किती, ते आधी सांगा.

सुधा मावशी: जोशी भाऊजींचीच झाली की गेल्या दिवाळीत 🙈

जोशी काका: 😐

सेक्रेटरी: काका, मग अर्ज वर पाठवतो. सूचक-अनुमोदकाच्या सह्या मी घेतो. आणि हो, थकबाकी असेल तर ती आधी भरावी लागेल.