रबरी म्हाकुल आणि आपली अक्कल

पाणबुड्या: काल इथे एकाने लिहिलं, "साठ-सत्तरच्या काळातले जपानी समुद्री राक्षसांचे सिनेमे म्हणजे रबरात माणूस कोंबून केलेला पोरखेळ. आवडतात म्हणणारे बालपण कवटाळून बसलेत." रात्रभर डोक्यात तेच. अहो, १९७० चा 'स्पेस अमीबा' बघा. त्यातला राक्षस गेझोरा पाण्यातून वर येतो आणि स्वतःच्याच सोंडांवर, धोतराचा सोगा सांभाळत चिखलातून निघालेल्या भटजींसारखा डुलत चालतो. आत हारुओ नाकाजिमा. १९५४ च्या गोजिराचा, म्हणजे गॉडझिलाचा, सुमारे १०० किलोचा अवतार अंगावर वागवलेला माणूस. ते ओझं पडद्यावर दिसतं. संगणकातल्या राक्षसाला घाम फुटतो का?

तर्कट: लिहिणारा मीच. ओझं हमालही वाहतो, तिकीट काढून बघायला जाता? तुमच्या त्या ऑक्टोपसचं सोडा, पाण्याचं बोला. बोट छोटी करता येते, बंदर छोटं करता येतं, थेंब छोटा करता येत नाही. लाट फुटली की जहाजाच्या खिडकीएवढे थेंब उडतात. संपला समुद्र, दिसला हौद.

पाणबुड्या: म्हणून तर कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने फिरवायचे, पडद्यावर पाणी संथ, जड वाटावं म्हणून. १९५४ मध्ये तर पाण्याखालचे काही शॉट कोरड्या सेटवर, कॅमेऱ्यापुढे माशांची काचपेटी ठेवून घेतले. ही अक्कल पोरखेळ?

दर्यावर्दी: ऑक्टोपस कोण म्हणालं? गेझोरा म्हाकुल आहे, म्हाकुल! आठ हात आणि वर दोन लांब सोंडा. माझी आजी पाटीत घेऊन बसायची, तेव्हा शहरातले पाहुणे "ई, ऑक्टोपस" म्हणून नाक दाबून पुढे जायचे. तीच मंडळी आता हॉटेलात 'कलामारी' मागवतात.

साळुंकी: पोपटाच्या पिंजऱ्यात समुद्रफेन टांगतात ते याचंच ना?

दर्यावर्दी: याच्याच पाठीतलं. चला, एकाला तरी माहीत आहे.

मांडवीकर: आमच्याकडे माणक्यो. रव्यात तळून.

तर्कट: धागा सिनेमाचा आहे की मासळीबाजार मांडलाय?

दर्यावर्दी: मासळीबाजार ही शिवी वाटते ना, तिथेच तुम्ही कळलात.

साळुंकी: भांडा, पण कालवणाची कृती टाकून भांडा.

मंडपवाला: मी गणपतीच्या देखाव्यात बकासुर व्हायचो. स्पंज, काथ्या, रबरी मुखवटा. तिसऱ्या रात्री डोळ्यांपुढे अंधारी आली, मटकन खाली बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भीमाने मारलं म्हणून. भीम मागे चहा पीत होता. तेव्हापासून रबरातल्या माणसाला मला हसावंसं वाटत नाही.

तर्कट: बकासुराला साष्टांग नमस्कार. पण 'स्वस्तातली जादू' म्हणून गहिवरू नका. १९५४ चा गोजिरा त्या काळच्या जपानी सिनेमांत महागड्यांपैकी होता. आणि १९६६ चा एबिरा, तो राक्षसी शेवंडा? त्या सिनेमाची पटकथा मुळात किंग काँगसाठी लिहिलेली. नायक बदलून गोजिरा आला, सवयी काँगच्याच, म्हणून तो मुलीकडे टक लावून बसतो.

पाणबुड्या: अहो, मजा तीच! आणि स्वस्तच हवं तर त्याच वर्षीचे तोएई कंपनीच्या सिनेमातले चंदेरी मत्स्यमानव घ्या, नट सोनी चिबावाले.

तर्कट: ते बघितलेत. दोनदा. दुसऱ्यांदा ताप होता.

पाणबुड्या: दोनदा!

दर्यावर्दी: शेवटी गेझोराचं करतात काय?

पाणबुड्या: पेट्रोल टाकून जाळतात.

दर्यावर्दी: पेट्रोलवर म्हाकुल! बजेट नव्हतं मान्य, पण हळद-मीठ तरी लावायचं.