अभियांत्रिकीचे शुल्क भरण्यासाठी शेत विकावे की कर्ज काढावे?

प्रश्न (वाशीम जिल्हा)

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला यंदा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून पुण्यातील एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची जागा मिळाली आहे. आम्ही खुल्या प्रवर्गातील आहोत. वडिलांच्या नावावर चार एकर कोरडवाहू जमीन असून सोयाबीन आणि तुरीखेरीज घरात दुसरे उत्पन्न नाही. वर्षाचे शुल्क १ लाख २६ हजार रुपये असून त्यापैकी १ लाख १० हजार शिक्षण शुल्क आणि बाकीचे विकास शुल्क आहे. त्यात राहणे-जेवण धरले, तर खर्च दोन लाखांच्या पुढे जातो. महाविद्यालयाच्या कार्यालयात ‘आधी सगळी रक्कम भरा, शिष्यवृत्ती जमा झाली की परत घ्या’ असे सांगण्यात आले. वडील एक एकर विकायला निघाले आहेत. धाकटी बहीण पुढच्या वर्षी बारावीला बसेल, त्यामुळे तिच्या वेळी काय करायचे हीसुद्धा चिंता आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर १ (महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातून निवृत्त)

ताई, वडिलांना व्यवहार थांबवायला सांगा. आधी हिशेब मांडू. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि जागा केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेली आहे, म्हणून तुमचा भाऊ राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत बसतो, जिला कार्यालयांत अजूनही सगळे ‘ईबीसी’च म्हणतात. तीत शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. विकास शुल्क मात्र तुमचे तुम्हालाच भरावे लागते, आणि पहिल्या वर्षी पालकांचा अंदाज नेमका इथे चुकतो. तुमच्या आकड्यांवरून ५५ हजार शासनाकडून येतील आणि ७१ हजार तुम्हाला भरावे लागतील. हीच जागा संस्था स्तरावरून, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागांतून, घेतली असती किंवा महाविद्यालय अभिमत विद्यापीठात असते, तर यातले काहीच मिळाले नसते.

पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शासनाच्या वाट्याची रक्कम मागू नये, असे शासनाचे निर्देश आहेत. त्यामुळे प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तरीही ऐकले नाही, तर तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात तक्रार करता येते. लेखी अर्ज पाहिला की बहुतेक कार्यालयांचा सूर बदलतो, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा वेगळा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरच करावा. चार एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आतली जमीन, तेव्हा या भत्त्यासाठी तहसीलमधून अल्पभूधारक असल्याचा दाखला काढून ठेवा.

बहिणीची चिंता तर सोडाच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा संपूर्ण लाभ मिळतो.

उत्तर २ (बँक अधिकारी)

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु मंजूर झालेली शिष्यवृत्ती आणि हातात पडलेले पैसे यांत अनेकदा कित्येक महिने जातात, आणि तेवढ्या काळासाठी लोक सावकाराकडे वळतात किंवा जमीन काढतात. शैक्षणिक कर्जाचा खरा उपयोग इथे आहे. चार वर्षांचे कर्ज एकदाच मंजूर करून घ्यावे आणि दर वर्षी लागेल तेवढीच रक्कम उचलावी, कारण व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. वसतिगृह आणि संगणक यांचा खर्चही त्यात धरता येतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतील संस्थेत प्रवेश मिळाला असेल, तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. म्हणून महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे प्रथम पाहावे. या योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती दुसऱ्या शासकीय शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्यांसाठी नाही. म्हणजे तुमच्या भावाला ईबीसीसोबत कर्ज मिळू शकेल, ही व्याज सवलत मात्र गृहीत धरू नये. महाविद्यालय यादीत नसेल, तर नेहमीची शैक्षणिक कर्ज योजना आहेच, आणि तीत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही.

वडील सहकर्जदार असतील. त्यांचे पीककर्ज थकीत असेल, तर शाखेत येण्याआधी त्याचा निपटारा करा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. तोवर दरमहा निदान व्याज भरत राहिल्यास पुढचा हप्ता बराच हलका होतो.

उत्तर ३ (माजी विद्यार्थी)

पुण्यात राहण्याचा खर्च वाचवायचा असेल, तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहांसाठीही अर्ज करावा. ही संस्था १९५५ पासून ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी काम करते. तिथे मुलाखत होते, तेव्हा घरची परिस्थिती कागदपत्रांसह मांडायची तयारी ठेवावी. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेतून हातखर्च सुटतो, पण अभियांत्रिकीचे वेळापत्रक पाहता तेवढ्यावर खानावळ भागेल असे मला वाटत नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांनी खरेदीदाराला तूर्त थांबायला सांगितले आहे. एक शंका उरते : भावाची दोन बँक खाती आहेत, तर शिष्यवृत्ती कोणत्या खात्यात येईल?

उत्तर १ कडून

ज्या खात्याला त्याचा आधार क्रमांक सर्वांत शेवटी जोडला गेला असेल, त्यात येईल. अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला आहे, याला तिथे फारसे महत्त्व नाही. पुष्कळ मुलांनी मध्येच कुठेतरी शून्य शिलकीचे खाते उघडलेले असते, पैसे तिकडे जातात आणि इकडे आम्हाला विचारणा होत राहते. आधारच्या संकेतस्थळावर जोडलेल्या बँकेचे नाव दिसते. ते खाते बंद पडले असेल, तर वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत आधार जोडणीचा अर्ज आजच द्या, आणि जोडणी झाल्याची खात्री करूनच महाडीबीटीवरचा अर्ज सादर करा.