मदत हवी आहे: क्लच बदलला, आता गिअरबॉक्स परत बसेना

यवतेश्वर_रोड:
कालपासून अडकलोय. घाट चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायची नाही, जळका वास. म्हणून क्लच घरीच बदलायला घेतला. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही नवीन. आता गिअरबॉक्स चढवतोय तर दोन बोटं अंतर राहतंय. मी आणि धाकटा भाऊ सकाळपासून उचलून धरतोय, हात भरून आलेत. हाउसिंगचे बोल्ट आवळून आत ओढून घेऊ का? सोमवारी पहाटे आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचंय. लवकर सांगा.

कराडकर७:
गाडी कुठली?

वाईचा_मेकॅनिक:
बोल्ट अजिबात आवळू नका!! हाउसिंगचा कान तुटेल नाहीतर प्लेटचा हब वाकेल. गिअरबॉक्स हातानं चिकटला पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला. प्लेट मधोमध कशानं धरली होती? डमी शाफ्ट, म्हणजे प्लेट मधोमध धरायचा दांडा, होता का?

निवृत्त_चालक:
क्लच खराब होतो तो सवयीनं. पेडलवर पाय ठेवून चालवायचं नाही, चढावर हाफ क्लचवर गाडी तोलायची नाही, हँडब्रेक वापरायचा. माझा पहिला क्लच फार वर्षं टिकला.

यवतेश्वर_रोड:
काका, क्लच बदलून झालाय, तो बसवायचाय. मारुती ८००, २००४ ची. डमी शाफ्ट नव्हता, नजरेनं मधोमध धरली.

वाईचा_मेकॅनिक:
मग तिथंच चुकलं. प्रेशर प्लेट आवळताना प्लेट वजनानं खाली उतरते. गिअरबॉक्सचा शाफ्ट स्प्लाइनमध्ये, म्हणजे प्लेटच्या मधल्या दात्यांत शिरतो, पण पुढे अडतो.

सांगली_गॅरेज:
नजरेनं होतं की. आम्ही कित्येक ८०० तशाच बसवल्या. क्लच केबल जोडा, एकानं पेडल दाबून धरा, प्लेट मोकळी होते आणि शाफ्ट आपसूक जातो.

वाईचा_मेकॅनिक:
बेअरिंग अजून प्रेशर प्लेटच्या बोटांपर्यंत पोचलंच नाही, पेडल दाबून काय होणार? आणि पोचलं तरी मोकळी प्लेट आणखी खाली पडेल. तुमचा हात बसलाय, त्यांचा पहिलाच क्लच आहे.

कराडकर७:
प्लेट उलटी तर नाही ना? स्प्रिंगची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे हवी. आणि गाडी नुसत्या जॅकवर आहे का? असेल तर आधी खाली ओंडके लावा, मग बाकीचं.

यवतेश्वर_रोड:
बाजू बरोबर आहे. जॅकवरच आहे. ओंडके आणतो.

रेल्वेप्रेमी_सातारा:
आईंना कोयना एक्स्प्रेसनं न्या ना, सरळ मिरजेला उतरवते.

पोवई_नाका:
त्यांना पहाटे निघायचंय, कोयना मुंबईहून येते, इथं साताऱ्याला दुपारनंतर. शिवाय स्टेशन माहुलीला, गावाबाहेर.

वाईचा_मेकॅनिक:
ट्रेनचं नंतर. @यवतेश्वर_रोड, प्रेशर प्लेटचे बोल्ट सैल करा, काढू नका. झाडूचा लाकडी दांडा घ्या, प्लेटच्या भोकात घट्ट बसेपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. टोक पुढे फ्लायव्हीलच्या मधल्या भोकात बसेल इतकं तासा. दांडा घालून ठेवा, मग बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. दांडा सहज बाहेर आला पाहिजे. गिअरबॉक्स चढवताना चौथ्या गिअरमध्ये टाका आणि क्रँक पुलीचा नट पान्यानं हळूहळू फिरवायला भावाला सांगा. दाते जुळले की हाताला कळतं.

सांगली_गॅरेज:
दांडा टेकला की झालं, तेवढं मान्य. फ्लायव्हीलवर तेल दिसलं का? क्रँकचा मागचा सील गळत असेल तर नवी प्लेटही घसरेल.

यवतेश्वर_रोड:
सील कोरडा आहे.

यवतेश्वर_रोड:
बसला!! प्लेट खरंच खाली होती, दांडा घालताना अर्धवटच गेला. नीट करून दुसऱ्या प्रयत्नात गिअरबॉक्स चिकटला, बोल्ट हातानं फिरले. वाईचे दादा, आभार. आता ड्राइव्हशाफ्ट काढताना सांडलेलं गिअर ऑइल किती भरू?

वाईचा_मेकॅनिक:
गाडी सपाट उभी करा, लेव्हल प्लग उघडा, तिथून ओघळेपर्यंत भरा. मग केबल लावा, पेडल वरती बोटभर मोकळं राहू द्या, नाहीतर नवा बेअरिंग सतत फिरून जाईल. मिरजेला जायच्या आधी यवतेश्वरचा एक चढ मारून बघा.

यवतेश्वर_रोड:
रविवारी ऑइल कुठं मिळेल? पोवई नाक्याकडे दुकान उघडं असतं का?