मदत हवी आहे: जिल्हा परिषदेच्या सेस (स्वतःच्या निधीच्या) योजनेतली 'आधी खरेदी, मग अनुदान' ही अट बदलून घेण्यासाठी निवेदन कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

जिल्हा परिषदेत किंवा पंचायत समितीत काम केलेलं कुणी इथे असेल, किंवा घरच्यांसाठी योजनांच्या मागे फिरलेलं कुणी असेल, तर कृपया पूर्ण वाचा. निवेदन द्यायला पंधरा दिवस आहेत.

आमचं गाव मराठवाड्यात, मांजरेच्या काठाला. काका 2021 मध्ये गेले. तेव्हापासून अडीच एकर कोरडवाहू, दोन म्हशी आणि दोन शिकणारी मुलं हे सगळं काकू एकटीने ओढते आहे. सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचं नाव लागायलाच वर्ष गेलं. सप्टेंबर 2025 च्या पुरात सोयाबीन पाण्यात बसलं. सरकारची मदत आली नाही असं मी म्हणणार नाही, आली. पण कोरडवाहूला हेक्टरी 8,500 या हिशेबाने जे खात्यावर पडलं, ते हरभऱ्याच्या बियाण्यात आणि थकलेल्या खताच्या उधारीत संपलं. आता घर चालतंय ते दुधावर.

म्हणून तिने जिल्हा परिषदेच्या सेसमधून कडबाकुट्टीसाठी, म्हणजे वैरण बारीक करायच्या यंत्रासाठी, अर्ज केला. पहाटे उठून लाकडाच्या ओंडक्यावर कोयत्याने कडबा तोडते. अख्ख्या पेंढ्या टाकल्या तर म्हशी पाला तेवढा ओरबाडतात आणि ताटं पायाखाली तुडवतात, अर्धी वैरण वाया. कडबा विकत घ्यावा लागतो त्या वर्षी हे फार लागतं. डाव्या हाताच्या दोन बोटांवर कोयत्याचे वण आहेत, ती ते पदरात झाकते.

यादीत नाव आलं. 75 टक्के अनुदान. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मग पूर्वसंमतीचं पत्र हातात आलं: तीस दिवसांत स्वतःच्या पैशाने यंत्र घ्या, जीएसटीचं पक्कं बिल जोडा, यंत्रासोबतचा फोटो द्या, मोका तपासणी (जागेवर येऊन पाहणी) होईल आणि मग अनुदान खात्यावर जमा होईल. कोटेशन 27,500 चं. तिचा खरा वाटा 6,875 रुपये, आणि तेवढे तिने दुधाच्या पैशातून बाजूला टाकलेही होते. उरलेले 20,625 चार-पाच महिन्यांसाठी कुणी द्यायचे? दुकानदार उधार देईना. बचत गटाचं आधीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. सावकाराचा दर शेकडा तीन रुपये महिना. मला तिने कळवलं ते मुदत संपल्यावर. "तुझं नवीन घराचं हप्त्याचं चालू आहे, तुला कशाला सांगायचं," म्हणाली. नाव रद्द होऊन पुढच्या माणसाला गेलं.

ही अट का आली हे मला ठाऊक आहे. पूर्वी खात्यामार्फत वस्तू खरेदी होऊन वाटल्या जायच्या, त्यात निकृष्ट पंप यायचे, गोदामात पडून राहायचे. म्हणून 2016 च्या अखेरीस शासनाने वस्तूऐवजी पैसे थेट खात्यावर द्यायचं ठरवलं. ते योग्यच होतं. पण त्यामुळे ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत तोच अनुदान घेऊ शकतो, आणि योजना ज्यांच्यासाठी आहे ते अत्यल्पभूधारक पत्र हातात घेऊन बसून राहतात.

आता मूळ मुद्दा. पंचायत समितीतल्या विस्तार अधिकारी मॅडमनी सांगितलं, की येत्या अंदाजपत्रकात अडचणीतल्या छोट्या शेतकरी कुटुंबांसाठी सेसमधून वेगळी तरतूद करण्याचा विचार चालू आहे, सूचना असेल तर लेखी द्या. राज्याच्या योजनेत आपल्यासारख्यांचं काही चालत नाही. पण सेस हा जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा, जमीन महसुलावरच्या उपकरातून आणि मुद्रांक शुल्काच्या वाट्यातून येणारा. तिथे आपलं म्हणणं ऐकलं जाऊ शकतं असं मला मनापासून वाटतं.

माझ्या डोक्यात दोन वाटा आहेत. एक, शेतकऱ्याने फक्त आपला 25 टक्के हिस्सा दुकानदाराला द्यायचा, आणि मोका तपासणी झाल्यावर अनुदान त्याच्या लेखी संमतीने थेट दुकानदाराच्या खात्यावर. दुकान मात्र शेतकऱ्याने निवडायचं, नाहीतर पुन्हा ठेकेदारी आली. दुसरी, ई-रुपी. ऑगस्ट 2021 मध्ये आलेलं हे मोबाइलवरचं व्हाउचर ठरलेल्या माणसाला, ठरलेल्या कामासाठीच वापरता येतं. पैसा दुसरीकडे वळायची भीतीही राहत नाही, आणि साध्या फोनवर एसएमएसनेही चालतं.

मला विचारायचं आहे ते हे. असा बदल कृषी समितीच्या ठरावाने होतो, की शासनाची वेगळी परवानगी लागते? कुठल्या जिल्हा परिषदेने दुकानदाराला थेट अनुदान दिल्याचं उदाहरण माहीत आहे का? ठरावाची प्रत मिळाली तर निवेदनाला जोडता येईल. आणि सेसचा 20 टक्के निधी मागासवर्गीयांसाठी व 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी राखीव असतो. एकल महिला शेतकऱ्यांची मागणी त्या 10 टक्क्यांत बसवावी, की कृषी विभागाकडेच ठेवावी? दोन्हीकडे मागितलं तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील अशी भीती वाटते.

भर: खाली दोघांनी विचारलं आहे की तूच पैसे का देत नाहीस. यंत्र मी घेऊन देतो आहे, ते ठरलं आहे. पण त्याच यादीतल्या आमच्या गावच्या आणखी चार जणांची नावं याच कारणाने रद्द झाली, त्यातल्या दोघी काकूसारख्याच एकट्या आहेत. निवेदनावर त्यांच्याही सह्या घेतो आहे.

मसुदा लिहायला घेतला आहे. कुणी सरकारी पत्राच्या भाषेत तपासून देणार असेल तर इथेच सांगा, मी तो टाकतो.