आदिवासी समाजाच्या वस्तूंचे दालन: संमतिपत्र हाती असताना आक्षेप आला, तर काम थांबवावे का?

प्रश्न

नमस्कार. मी एका मध्यम आकाराच्या संग्रहालयात प्रकल्प समन्वयक आहे. आमच्या संग्रहात एका आदिवासी समाजाच्या सुमारे 40 वस्तू आहेत आणि त्यांचे दालन नव्याने मांडण्याचे काम वर्षभरापूर्वी माझ्याकडे आले. पहिल्या बैठकीत समाजातील ज्येष्ठांनी आमचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि ‘आम्ही आपसांत बोलतो’ एवढेच सांगितले. पुढे चार महिने काहीच कळले नाही. मधल्या काळात त्या समाजाच्या नोंदणीकृत संस्थेच्या सचिवांनी संमतिपत्रावर सही करून दिली, म्हणून आम्ही मांडणीचा आराखडा पक्का केला आणि वस्तूंची छायाचित्रे संकेतस्थळावरही घातली. आता दोन कुटुंबांनी कळवले आहे की त्यांतला एक मुखवटा विधीच्या वेळेखेरीज कोणी पाहायचाच नसतो आणि तो दाखवू देण्याचा अधिकार सचिवांना नव्हता.

आमच्या वरिष्ठांचे म्हणणे असे की सही आहे, तेव्हा प्रश्न मिटला. अनुदानाची मुदत आठ महिन्यांनी संपते आहे. मला ते पटत नाही, पण पर्याय म्हणून नेमके काय मांडावे हेही सुचत नाही. ज्यांनी असे प्रकल्प चालवले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

तुम्हाला जे पटत नाही ते न पटण्यासारखेच आहे, हे आधी सांगतो. मुखवट्याचे काम आजच थांबवा आणि तसे दोन्ही कुटुंबांना लेखी कळवा. बाकीच्या वस्तूंचे काम त्यामुळे अडत नाही.

आता चूक कुठे झाली ते पाहू. संग्रहालयाला एक सही, एक शिक्का आणि एक प्रतिनिधी हवा असतो, कारण आपली कार्यालयीन पद्धत तशी आहे. पण अनेक समाजांत वस्तूचा अधिकार संपूर्ण समाजाकडे एकत्र नसतो. तो एखाद्या कुळाकडे, घराण्याकडे, विधी करणाऱ्या व्यक्तीकडे, काही ठिकाणी केवळ स्त्रियांकडे किंवा केवळ पुरुषांकडे असतो. नोंदणीकृत संस्था बैठकीची व्यवस्था करू शकते, पत्रव्यवहार सांभाळू शकते. तिच्याकडे नसलेला अधिकार ती आपल्याला देऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूसमोर ‘याविषयी कोण बोलू शकते’ असा रकाना नोंदीत असायला हवा, आणि तो भरण्याचे काम आराखडा आखण्यापूर्वीचे आहे. ज्येष्ठांनी ‘आपसांत बोलतो’ असे म्हटले तेव्हा ते बहुधा हेच काम करत होते. चार महिन्यांच्या त्या शांततेला आपण होकार समजलो, आणि जी सही सर्वांत लवकर मिळाली तीच खरी मानली.

2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मूलनिवासींच्या हक्कांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात ‘मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो, आणि कलम 31 नुसार आपला सांस्कृतिक वारसा व पारंपरिक ज्ञान यांवर नियंत्रण ठेवण्याचा हक्क त्या त्या समाजाचा आहे. अमेरिकेत मूलनिवासींचे मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याविषयीचा कायदा 1990 पासून आहे. त्याचे सुधारित नियम जानेवारी 2024 मध्ये लागू झाले आणि त्यांनुसार अशा वस्तू प्रदर्शनात ठेवण्यापूर्वी संबंधित समाजाची संमती घेणे संग्रहालयांवर बंधनकारक झाले. त्या वेळी तिथल्या मोठ्या संग्रहालयांनी काही काचपेट्या झाकल्या, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाने तर दोन दालने बंद केली. तुमच्या वरिष्ठांना हे अवश्य सांगा. दालन बंद ठेवणे म्हणजे प्रकल्प फसणे, असे आता या क्षेत्रात कोणी मानत नाही.

आणखी एक. तुमच्या नोंदवहीत या वस्तू कशा आल्या ते पुन्हा तपासा. ‘खरेदी’ हा शब्द पुष्कळदा फसवा असतो. कॅनडात 1885 ते 1951 या काळात पॉटलॅच या दानविधीवर कायद्याने बंदी होती. 1921 च्या अखेरीस झालेल्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर अनेकांवर खटले भरले गेले आणि तुरुंगवास टाळायचा असेल तर मुखवटे व विधीच्या वस्तू सरकारच्या हवाली करा, असे लोकांना सांगण्यात आले. त्यांतल्या काही वस्तू नंतर एका संग्राहकाने विकत घेतल्या. त्याच्या कागदांपुरता तो व्यवहार खरेदीचाच होता! पुढे वस्तू परत मिळू लागल्या तेव्हाही त्या ठेवण्यासाठी संग्रहालये उभारण्याची अट घातली गेली. अलर्ट बे येथील उमिस्टा सांस्कृतिक केंद्र 1980 मध्ये उघडले ते अशा परिस्थितीत.

उत्तर २

मी संग्रहाच्या देखभालीचे काम करते, त्यामुळे माझे बोलणे वस्तूंपुरतेच आहे.

ही कुटुंबे उद्या मुखवटा हाताळायला किंवा विधीसाठी मागतील, आणि त्यांनी तो मागावा असेच मला मनापासून वाटते. पण त्याआधी त्याची विषारी द्रव्यांसाठी तपासणी करून घ्या. चामडे, पिसे, केस आणि लाकूड यांना कीड लागू नये म्हणून संग्रहालयांत विसाव्या शतकातही दीर्घकाळ आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार वापरले जात होते, आणि त्याची नोंद क्वचितच ठेवली जाई. काचेआड असताना ते कोणाला जाणवत नाही. तोच मुखवटा चेहऱ्यावर चढवला की ते थेट श्वासात आणि त्वचेवर जाते. हातात धरून वापरता येणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्ती उपकरणाने वस्तूला धक्का न लावता प्राथमिक तपासणी होते. निकाल काहीही असो, तो कुटुंबांना त्यांच्या भाषेत आणि पूर्णपणे सांगा. आपल्या आजोबा-पणजोबांची वस्तू आपल्याला विषारी करून मिळते आहे हे ऐकणे किती जड जात असेल, याचा विचार त्या बैठकीआधी आपण करायला हवा.

दुसरी गोष्ट मला स्वतःला उमजायला बरीच वर्षे लागली. वस्तू टिकवणे हेच आपले पहिले कर्तव्य असे आम्हाला शिकवले गेले. अमेरिकेतील झुनी या मूलनिवासी लोकांच्या आहायुदा नावाच्या लाकडी युद्धदेवता मात्र उघड्यावर ठेवलेल्या असतात आणि ऊनपावसात झिजून त्यांनी मातीला मिळावे हाच त्यांचा धर्म आहे. 1978 पासून झुनींनी त्या परत मागायला सुरुवात केली आणि डेन्व्हरच्या कलासंग्रहालयाकडून पुढे त्या परत गेल्या. कॅनडातील हाइस्ला या मूलनिवासी लोकांचा 1929 साली नेलेला स्मृतिस्तंभ स्वीडनहून 2006 मध्ये परतला, परंतु त्याआधी तो जतन होईल अशी इमारत असावी, हा आग्रह वाटाघाटींत बराच काळ आडवा येत राहिला. म्हणून बैठकीला जाताना ‘आम्ही सांभाळतो, तुम्हाला सांभाळता येणार नाही’ असा सूर आपल्याकडून चुकूनही लागू नये.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण छायाचित्रांचा मुद्दा कोणी घेतला नाही आणि माझ्या मते तो मुखवट्याइतकाच तातडीचा आहे. काचपेटी झाकता येते. संकेतस्थळावरचे चित्र मात्र कोण कुठे उतरवून घेईल सांगता येत नाही. ती सर्व छायाचित्रे संकेतस्थळावरून आजच काढून टाका, केवळ मुखवट्याचे नव्हे. मग प्रत्येक चित्र कोणी पाहावे ते समाजाला ठरवू द्या.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ऑस्ट्रेलियातील टेनंट क्रीक येथील वारुमुंगु समाजाबरोबर काम करताना मुकुर्तु ही संगणकीय प्रणाली घडली. त्या समाजात काय कोणी पाहावे हे नात्यावर, स्त्री-पुरुष भेदावर आणि विधीतल्या स्थानावर अवलंबून असते, म्हणून प्रणालीतही प्रवेशाचे नियम समाज स्वतः लावतो. ती मोफत आहे. निवर्तलेल्या व्यक्तीचे छायाचित्र पाहणे किंवा नाव उच्चारणे तिथल्या अनेक समाजांना क्लेशदायक वाटते. तशी पूर्वसूचना देण्याची प्रथा तिथल्या संस्थांनी आता अंगी बाणवली आहे. तुमच्या नोंदींतही अशी जागा ठेवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छायाचित्रे काल काढून टाकली आणि दोन्ही कुटुंबांना पत्र गेले. आता अडचण अनुदानाची आहे. अंदाजपत्रकात समाजासाठी फक्त प्रवासखर्चाची तरतूद आहे, आणि मुदतवाढ मागितली तर आमची तयारी नव्हती असे दिसेल, अशी वरिष्ठांना भीती वाटते.

उत्तर १

मुदतवाढ मागाच, आणि अर्जात खरे कारण लिहा: निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे हे शोधण्याचा टप्पा मूळ आराखड्यात नव्हता, तो आता घालत आहोत. अर्ज पाठवण्यापूर्वी ज्येष्ठांना दाखवा आणि त्यांना किती वेळ लागेल हे त्यांनाच विचारा. सुगी, सुतक, सणवार आणि विधींचे दिवस वगळून जी तारीख ते देतील तीच अर्जात घाला. त्यांनी तारीख दिली नाही, तर अर्जातही अंतिम तारीख देऊ नका, पुढच्या बैठकीची द्या.

खर्चाच्या बाबतीत, ज्येष्ठ आणि दुभाषे यांना मानधन मिळालेच पाहिजे. आपल्या अभिरक्षकाला तज्ज्ञ म्हणून वेतन मिळते. त्याच बैठकीत त्याला शिकवणाऱ्या माणसाला केवळ बसभाडे देणे मला अन्यायाचे वाटते. मांडणीचा काही खर्च कमी करा आणि ती रक्कम इकडे वळवा; बहुतेक अनुदान देणाऱ्या संस्था कारण सांगितल्यास शीर्षबदलाला परवानगी देतात. न्यूझीलंडचे राष्ट्रीय संग्रहालय ते पापा तर एकेका इवीला, म्हणजे माओरी जमातीला, स्वतःचे प्रदर्शन मांडण्यासाठी सुमारे अडीच वर्षे दालन देते आणि त्या काळात त्या जमातीचे ज्येष्ठ संग्रहालयात निवासी असतात. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या बरोबरीने तिथे कैहौतू हे माओरी नेतृत्वाचे पदही आहे. एवढे सगळ्यांना जमणार नाही, पण दालनाच्या समितीत समाजाचे किमान निम्मे सदस्य असावेत आणि एखादी वस्तू दाखवू नये असे त्यांनी म्हटल्यास ते अंतिम मानावे, एवढा ठराव तुमचे विश्वस्त मंडळ करू शकते.

तो मुखवटा सध्या कुठे आहे? अजून प्रकाशचित्रण कक्षात असेल, तर तिथून हलवण्यापूर्वी कुटुंबांना विचारा की त्याला कोणी हात लावावा, कशात गुंडाळावा आणि तोंड कोणत्या दिशेला ठेवावे.